२० वर्षांनी यातल्या कोणत्या कंपन्या खरंच टिकतील?

आडवाट

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. मी शेवटच्या वर्षाला आहे आणि आजूबाजूला सगळे कुठल्या ना कुठल्या कंपनीचं काहीतरी शिकायच्या मागे लागलेत, कोणी ॲझ्युरचं (मायक्रोसॉफ्टचा क्लाउड) सर्टिफिकेट करतंय, कोणी एडब्ल्यूएसचं (ॲमेझॉनचा क्लाउड), एकजण तर दिवसरात्र कुडा (एनव्हिडियाच्या ग्राफिक्स चिपवर प्रोग्रॅम चालवायची प्रणाली) घेऊन बसलाय. माझा प्रश्न नोकरीच्या थोडा पुढचा आहे. ॲपल, मायक्रोसॉफ्ट, गुगल, ॲमेझॉन, मेटा (फेसबुकवाली), एनव्हिडिया या आज इतक्या मोठ्या आहेत की कधी पडतील असं वाटतच नाही, पण २००७ साली नोकियाबद्दलही लोकांना असंच वाटत असणार ना? याहूने २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टची जवळपास ४५ अब्ज डॉलरची ऑफर धुडकावली आणि २०१७ मध्ये मुख्य धंदा साडेचार अब्जांच्या आसपास व्हेरायझनला गेला. नऊ वर्षांत इतकी घसरण.

दुसरी गोष्ट, यांची भांडणं नक्की कशावरून आहेत तेच कळत नाही. आयफोनमध्ये सर्च गुगलचं राहावं म्हणून २०२२ या एका वर्षात गुगलने ॲपलला २० अब्ज डॉलर दिले हे कोर्टात बाहेर आलं. नेटफ्लिक्स चालतं ॲमेझॉनच्या क्लाउडवर आणि ॲमेझॉनचं स्वतःचं प्राइम व्हिडिओ नेटफ्लिक्सशीच टक्कर घेतं. मग हे प्रतिस्पर्धी की गिऱ्हाइकं? आणि यात लांबचा विचार केला तर कोणाची बाजू भक्कम आहे? जाणकारांनी सविस्तर लिहा प्लीज.

मेनफ्रेमवाला

चांगला धागा. मी अजूनही मेनफ्रेमवर (बँका वगैरे वापरतात ते मोठे मध्यवर्ती संगणक) काम करतो त्यामुळे म्हातारी कंपनी कशी दिसते ते रोज बघतो. माझं स्पष्ट मत असं की एवढ्या मोठ्या कंपन्या सहसा मरत नाहीत, बाजूला पडतात. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम ३६० ही मेनफ्रेम आणली, आणि आजच्या मशीनवरही तेव्हाच्या पद्धतीने लिहिलेले प्रोग्रॅम चालतात. आमच्याकडे रात्री जो बॅच जॉब लागतो त्यातल्या काही कोबोल (जुनी प्रोग्रॅमिंगची भाषा) प्रोग्रॅमच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये ज्या तारखा आहेत त्या माझ्या जन्माआधीच्या आहेत, जेसीएलची (मशीनला कुठला जॉब चालवायचा ते सांगणारी भाषा) ओळ अजून दोन तिरक्या रेघांनीच सुरू होते आणि पंचकार्डाच्या काळातली ८० कॉलमची शिस्त अजून पाळावी लागते. गिऱ्हाईक सोडून जात नाही कारण सोडणं महाग आहे. पैसा येतच राहतो. पण नवीन पोरांपैकी कोणाला आयबीएमची भीती वाटते का? नाही. एकेकाळी अख्खी इंडस्ट्री तिला घाबरायची, अमेरिकन सरकारने १९६९ मध्ये मक्तेदारीचा खटला भरला तो १९८२ पर्यंत चालला आणि शेवटी सरकारनेच सोडून दिला.

आता आयबीएमला कोणी हरवलं ते बघा. दुसऱ्या मेनफ्रेमवाल्यांनी नाही. १९८१ मध्ये पीसी घाईघाईत बाजारात आणायचा म्हणून चिप इंटेलची घेतली, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची घेतली, आणि ती सिस्टिम इतरांना विकायचा हक्क मायक्रोसॉफ्टकडेच राहिला. मग कॉम्पॅकने बायोस (पीसी सुरू करणारा आतला प्रोग्रॅम) कायदेशीर पद्धतीने नव्याने लिहून काढला आणि तसंच चालणारं मशीन बाजारात आणलं, त्यामागे बाकीचे आले, झालं. नाव आयबीएमचं, नफा इंटेल आणि मायक्रोसॉफ्टचा. २००५ मध्ये पीसीचा धंदा लेनोवोला विकून मोकळे. त्यामुळे कोण कोणाशी भांडतंय यापेक्षा मी हे बघतो की कंपनीने आपल्या धंद्याची किल्ली कोणाच्या हातात दिली आहे.

नोटिफिकेशन_बंद

मेनफ्रेमवाला, किल्लीचं एकदम पटलं. मी जाहिरातींच्या बाजूला काम करतो, तिथलं उदाहरण देतो कारण ते मी जवळून बघितलंय.

एप्रिल २०२१, आयओएस १४.५ आलं. ॲप उघडलं की एक छोटी चौकट यायला लागली, हे ॲप तुमचा माग काढू शकतं का, दोन बटणं, हो किंवा नाही. बस एवढंच. आधी काय व्हायचं की प्रत्येक आयफोनला जाहिरातीसाठीचा एक नंबर असायचा, तुम्ही फेसबुकवर बुटाची जाहिरात बघितली आणि दोन दिवसांनी बुटवाल्याच्या ॲपमध्ये बूट घेतले तर तो नंबर जुळवून कळायचं की जाहिरात लागू पडली. लोकांनी नाही दाबलं की तो नंबर गायब. आमच्या डॅशबोर्डवर विक्री तर दिसत होती पण ती कुठल्या जाहिरातीमुळे झाली ते अंदाजाने सांगायची वेळ आली, आणि छोट्या दुकानदारांना आम्ही काय सांगणार, की पैसे लावा पण नक्की कशावर लावताय ते विचारू नका?

फेब्रुवारी २०२२ मध्ये मेटाने सांगितलं की या बदलाने त्या वर्षात १० अब्ज डॉलरच्या आसपास फटका बसेल, दुसऱ्या दिवशी शेअर पाव भागाहून जास्त पडला, एका दिवसात २३० अब्जांवर बाजारमूल्य गेलं. बाकीही कारणं होती, पण एक लक्षात घ्या की ॲपलने फेसबुकसारखं काहीच बनवलं नव्हतं. फोन त्यांचा होता म्हणून नियम त्यांचा. झुकरबर्ग हेडसेट आणि चष्म्यांवर दरवर्षी १० अब्जांच्या वर तोटा का सहन करतोय हे बऱ्याच लोकांना कळत नाही, मला तरी वाटतं उत्तर इथेच आहे, त्याला स्वतःच्या मालकीचं दार हवंय.

गुगल ॲपलला पैसे देतं ते त्यासाठीच. गुगलने २००५ मध्ये अँड्रॉइड घेतलं, २००८ मध्ये क्रोम काढलं तेही त्यासाठीच, की मध्ये बसून कोणी आपल्याला अडवू नये. त्यामुळे आडवाट, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर, भांडण खरं आहे, पण ते वस्तूंवरून कमी आणि माणसापर्यंत आधी कोण पोचतो यावरून जास्त आहे.

उलटतपासणी

वाचतोय, पण मला हा युक्तिवाद थोडा सोपा वाटतोय. आयबीएम आणि नोकियाच्या वेळी समोरून येणारी लाट त्यांना उशिरा दिसली. आताच्या कंपन्यांना लवकर दिसते आणि त्या ती विकत घेतात. फेसबुकने इन्स्टाग्राम २०१२ मध्ये १ अब्जाला आणि व्हॉट्सॲप २०१४ मध्ये १९ अब्जांना, गुगलने यूट्यूब २००६ मध्ये १.६५ अब्जांना. हे तिन्ही स्वतंत्र राहिले असते तर आज वेगळं चित्र असतं की नाही?

आणि कोर्टाकडूनही फार काही होत नाहीये. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत न्यायाधीश मेहतांनी सांगितलं की सर्चमध्ये गुगलने बेकायदा मक्तेदारी टिकवली, सगळ्यांना वाटलं आता क्रोम विकावं लागणार, पण सप्टेंबर २०२५ च्या निकालात क्रोम राहिलं, फोनमध्ये आधीपासून गुगल सर्च ठेवण्यासाठी पैसे द्यायलाही बंदी नाही, फक्त 'आमचंच ठेवायचं, दुसऱ्याचं नाही' असे करार बंद आणि थोडा डेटा स्पर्धकांना द्यायचा. इन्स्टाग्राम-व्हॉट्सॲप घेतल्यावरून मेटावर भरलेल्या खटल्यात तर नोव्हेंबर २०२५ ला सरकार हरलंच. मायक्रोसॉफ्टचे दोन तुकडे करा असा आदेश २००० साली निघाला होता तोही वरच्या कोर्टात टिकला नाही. त्यामुळे मी म्हणेन या कंपन्या आपल्या अंदाजापेक्षा जास्त टिकतील.

मेनफ्रेमवाला

@उलटतपासणी, विकत घेण्याचा मुद्दा बरोबर. खटल्याच्या बाबतीत मात्र मी असहमत. खटला हरल्यामुळे नाही तर खटला चालू असताना कंपनी दबकून वागते त्यामुळे इतरांना जागा मिळते. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲपलमध्ये १५ कोटी डॉलर घातले आणि मॅकसाठी पाच वर्षं ऑफिस द्यायचं कबूल केलं, तेव्हा ॲपलची हालत अगदी वाईट होती. त्यात पेटंटची भांडणंही मिटवायची होती आणि मॅकवर इंटरनेट एक्सप्लोररला जागाही मिळवायची होती, पण डोक्यावर मक्तेदारीची टांगती तलवार असताना एक स्पर्धक जिवंत असणं मायक्रोसॉफ्टच्या सोयीचंच होतं असं माझं मत आहे. पुढे त्याच ॲपलने काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे.

वेफर

उशिरा आलो. सगळे फोन आणि ॲपबद्दल बोलताय, खालच्या मजल्यावर कोणी जायलाच तयार नाही :)

ॲपल, एनव्हिडिया, एएमडी, क्वालकॉम हे वरती एकमेकांशी भांडतात आणि आपल्या भारी चिप बनवून घ्यायला मात्र एकाच तैवानी कंपनीच्या रांगेत उभे राहतात, टीएसएमसी. ती १९८७ मध्ये सुरू झाली तीच या तत्त्वावर की आम्ही फक्त दुसऱ्यांच्या चिप बनवू, स्वतःची विकणार नाही, म्हणून कोणाला तिची भीती वाटली नाही. आणि टीएसएमसीला सगळ्यात बारीक चिप छापायला जी ईयूव्ही (विशिष्ट अतिनील प्रकाशाने छापणारी) मशीन लागतात ती जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल.

इंटेलची गोष्ट मला खरंच लागते कारण आम्ही शिकलो तेव्हा इंटेल म्हणजे शेवटचा शब्द होता. २०१२ मध्ये इंटेलनेच एएसएमएलमध्ये हिस्सा घेतला, ईयूव्हीच्या संशोधनाला पैसे दिले, सगळं मिळून ४ अब्ज डॉलरच्या वर. आणि तेच तंत्र वापरायला उशीर केला, जुन्या पद्धतीनेच १० नॅनोमीटरची, म्हणजे आणखी बारीक, चिप काढू म्हणत वर्षानुवर्षं अडकून पडले. टीएसएमसीने २०१९ मध्ये ईयूव्हीवर मोठं उत्पादन सुरू केलं, इंटेलची पहिली तशी चिप बाजारात आली २०२३ च्या शेवटी. त्याच्या आधीची एक चूक म्हणजे आयफोनची चिप. तेव्हाचे प्रमुख ओटेलिनी यांनी २०१३ मध्ये जाताना सांगितलं की ॲपल देत असलेली किंमत त्यांच्या अंदाजे खर्चापेक्षा कमी होती, म्हणून नाही म्हटलं, आणि नंतर कळलं की खर्चाचा अंदाजही चुकला होता आणि किती फोन खपतील त्याचाही. पीसीच्या चिपमध्ये इतका चांगला नफा सुटत असताना कमी नफ्याचं काम घ्या असं मीटिंगमध्ये उभं राहून कोण सांगणार? २०२० मध्ये ॲपलने मॅकमधूनही इंटेलला काढायला सुरुवात केली, २०२४ मध्ये डाऊ जोन्स या अमेरिकन शेअर निर्देशांकात इंटेलची जागा एनव्हिडियाने घेतली, आणि २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने इंटेलमध्ये १० टक्क्यांच्या आसपास हिस्सा घेतला.

आडवाट

बापरे, हे माहीतच नव्हतं. सगळ्यांना धन्यवाद. @वेफर, मग एनव्हिडियाचं काय? माझा मित्र कुडा शिकतोय ते फुकट जाणार का?

वेफर

फुकट अजिबात नाही. कुडा २००६-०७ मध्ये आलं तेव्हा ग्राफिक्स कार्डावर शास्त्रीय गणितं करायची कोणाला हौस होती? कंपनीने तरी चालू ठेवलं. २०१२ मध्ये ॲलेक्सनेट हे चित्र ओळखणारं मॉडेल दोन साध्या गेमिंग कार्डांवर पाच-सहा दिवसांत शिकवलं गेलं, तिथून सगळं फिरलं. नुसती चिप कोणीतरी कधीतरी चांगली बनवेलच, पण इतक्या वर्षांच्या लायब्ररी, टूल्स, सवयी, अडलं की सापडणारी उत्तरं, हे एका रात्रीत होत नाही.

पण धोकाही तिथेच आहे. एनव्हिडियाची सगळ्यात मोठी गिऱ्हाइकं म्हणजे हेच क्लाउडवाले, आणि ते सगळे स्वतःची चिप करतायत. गुगलचं टीपीयू २०१५ पासून त्यांच्या आत वापरात आहे, ॲमेझॉनचं ट्रेनियम, मायक्रोसॉफ्टचं माया. बहुतेक लोक आज पायटॉर्चमध्ये (एआय मॉडेल बनवायचं तयार सॉफ्टवेअर) लिहितात, खाली कुडा आहे की आणखी काही याच्याशी त्यांचं देणंघेणं कमी होत चाललंय. मित्राला सांगा कुडा शिक पण मेमरी कशी हलते, एकाच वेळी चालणारे थ्रेड कसे एकत्र चालतात, वेळ कुठे जातो ते नीट समजून घे, ते ज्ञान कुठल्याही चिपवर चालतं.

सर्व्हररूम

क्लाउडचं मी सांगतो. आम्ही एका मोठ्या क्लाउडवरून दुसऱ्यावर जायचं ठरवलं, नावं घेत नाही. वरच्यांना वाटलं डेटा कॉपी केला की झालं. डेटा खरंच गेला, डेटाबेस पोस्टग्रेस (कुठेही चालणारा, फुकट मिळणारा) होता त्यामुळे तिकडे चालूही झाला. अडकलो ते परवानग्यांत. कुठल्या प्रोग्रॅमला कुठली फाइल वाचता येते याचे शेकडो नियम, ते सगळे पहिल्या कंपनीच्या भाषेत, अर्धे कोणी लिहिले ते लोक सोडून गेलेले. मग मेसेजच्या रांगा, मग छोटी छोटी फंक्शन्स, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, एक नियम राहून गेला की रात्री रिपोर्ट निघत नाही आणि चूक कुठे ते सापडत नाही. शेवटी निम्मं जुन्या जागीच ठेवलं, आता दोन्हीकडे बिल भरतोय. २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या क्लाउडवाल्यांनी कायमचं सोडून जाणाऱ्यांची डेटा बाहेर काढायची फी माफ केली, बरंच झालं, पण आमची अडचण फीची नव्हतीच. म्हणून क्लाउडचा धंदा मला यातला सगळ्यात चिवट वाटतो. ॲमेझॉनला दुकानापेक्षा एडब्ल्यूएसमधून जास्त नफा सुटतो तो उगाच नाही.

आडवाट, सर्टिफिकेट करायचं तर करा, पण सोबत लिनक्स, नेटवर्किंग, एसक्यूएल पक्कं करा. सन मायक्रोसिस्टिम्स २०१० मध्ये ओरॅकलच्या पोटात गेली, जावा मात्र जागच्या जागी आहे, जावावाल्यांचं काही अडलं नाही.

नोटिफिकेशन_बंद

मूळ प्रश्नावर कोणीच नावं घेत नाहीये म्हणून मी घेतो, पटलं नाही तर खोडून काढा. मायक्रोसॉफ्ट टिकेल, कारण त्यांनी एकदा स्वतःच्या लाडक्या विंडोजला मागे बसवून दाखवलंय. नाडेला फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रमुख म्हणून आले, मार्चमध्ये आयपॅडवर ऑफिस आलं, तयारी आधीपासून होती पण दिलं तर खरं, आणि विकत घेतलेल्या नोकियाच्या फोनच्या धंद्याचे साडेसात अब्ज पुढच्या वर्षी बुडीत धरून तो विषय संपवला. ॲपल टिकेल पण चिपसाठी तैवानवर आणि जुळणीसाठी अजून बरीचशी चीनवर अवलंबून आहे, ते मला टोचतं. मेटाबद्दल मला सगळ्यात जास्त शंका आहे, त्यांचं दार अजूनही दुसऱ्याच्या घरात आहे.

गुगलचं मी ठरवू शकत नाही. आजच्या सगळ्या चॅटबॉटच्या मुळाशी असलेला ट्रान्सफॉर्मरचा पेपर २०१७ मध्ये त्यांच्याच आठ लोकांनी लिहिला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी दुसऱ्याने आणलं. स्वतःची चिप, स्वतःचा क्लाउड, अँड्रॉइड, यूट्यूब, सगळं हाताशी आहे. पण थेट उत्तर मिळालं की माणूस खालच्या लिंकवर कमी जातो, आणि त्यांचा पैसा अजूनही मुख्यतः त्या पानावरच्या जाहिरातींतून येतो. आपलं ते पान आपणच कितपत मोडायचं हे त्यांनी ठरवायचंय. वेफरने इंटेलच्या मीटिंगबद्दल लिहिलंय ना, तसलीच मीटिंग तिथे रोज होत असणार असं मला वाटतं.

उलटतपासणी

मेटाबद्दल असहमत. अब्जावधी लोक रोज व्हॉट्सॲप उघडतात, ॲपलने उद्या ते आयफोनवरून काढायचं म्हटलं तर कित्येक देशांत लोक आयफोनच सोडतील. दार दुसऱ्याच्या घरात असलं तरी घरमालकाला ते बंद करता येत नाही. टीएसएमसीबद्दल मात्र वेफर अजून लिहा, ॲरिझोनाच्या कारखान्याने खरंच काही फरक पडणार आहे का?

वेफर

लिहितो, वेगळा धागा काढतो, इथे मावणार नाही. थोडक्यात, ॲरिझोनात ४ नॅनोमीटरचं उत्पादन सुरू झालंय, पण सगळ्यात नवीन तंत्र आधी तैवानमध्येच सुरू होतं आणि संशोधनही तिथेच आहे, त्यामुळे निदान पुढची काही वर्षं तरी रांग तिथेच लागणार.