लेसोथोची कादंबरी आणि मिशनचा छापखाना

आफ्रिकी कादंबरी 1950 नंतर इंग्रजीतून उभी राहिली, हे विधान मला मान्य नाही. आफ्रिकेच्या दक्षिणेकडील लेसोथो या देशात, म्हणजे तेव्हाच्या बासुटोलँडमध्ये, थॉमस मोफोलो यांची सेसोथो भाषेतील पहिली कादंबरी मोरिजा या गावच्या ख्रिस्ती मिशनच्या छापखान्यातून 1907 मध्येच पुस्तकरूपाने आली. त्याआधी ती मिशनच्याच वृत्तपत्रात क्रमशः छापली गेली होती. देवाच्या शोधात घर सोडून निघालेल्या फेकिसीची ही कथा मिशनऱ्यांना रुचली. परंतु त्याच लेखकाच्या ‘चाका’ या झुलू राजावरील कादंबरीचे हस्तलिखित त्यांनी दशकाहून अधिक काळ अडवून धरले आणि ते 1925 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणूनच या साहित्याचा अभ्यास करताना, माझ्या मते, छापखान्याची पसंती-नापसंती आधी तपासायला हवी.