मदत हवी आहे: आरओचं वाया जाणारं पाणी आणि मेथी, प्रयोग कसा मांडावा?

गॅलरीतली मेथी:
नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला आरओमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर प्रयोग करायचाय. विषय घरचाच. आम्ही बावधनला राहतो, पालिकेचं पाणी तोकडं, बाकी बोअर आणि टँकर, त्यामुळे घरोघरी आरओ. ते वाया जाणारं पाणी सोसायटीच्या बागेला घालावं असं कमिटीतल्या अर्ध्या लोकांचं म्हणणं, तर माळीमामा म्हणतात पानांच्या कडा जळतात. दोन्ही बाजू छातीठोक, आकडा कोणाकडेच नाही.

बेत असा: तीन कुंड्यांत मेथी. एकीला टाकीचं पाणी (टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ६०० च्या आसपास), दुसरीला आरओचं (९०० च्या जवळ), तिसरीला निम्मं-निम्मं. तीन आठवड्यांनी उंची मोजायची. बाई म्हणाल्या, पाणी सोडून बाकी सगळं सारखं ठेवा. शेजारचे काका म्हणाले, तीन कुंड्यांत काय सिद्ध होणार? तेव्हापासून लेक हिरमुसलीये.

किती कुंड्या लागतील? गॅलरीच्या एका टोकाला ऊन जास्त आहे, त्याचं काय? आणि सासूबाईंना मलूल रोप बघवत नाही, त्या गुपचूप पाणी घालतात. यावर शास्त्रीय उपाय असल्यास कळवा :)

आकडेमोड:
काकांचं बरोबर आहे, फक्त कारणही सांगायला हवं होतं. एकाच पाण्यावरच्या दोन कुंड्यांतसुद्धा एक दुसरीपेक्षा बरी वाढतेच. म्हणजे पाण्याने काहीही फरक पडत नसला तरी तुमची टाकीवाली कुंडी आरओवालीपेक्षा सरस ठरण्याची शक्यता निम्मी!

निम्मं-निम्मं सोडून द्या, त्या कुंड्या मुख्य तुलनेला वापरा. गॅलरीत सहा जागा ठरवा, प्रत्येक जागी दोन कुंड्या शेजारी-शेजारी, एक टाकीची, एक आरओची. डावी कुठली, उजवी कुठली ते दर वेळी नाणं उडवून. तुलना जोडीतल्या जोडीत करायची, म्हणजे उन्हाचा प्रश्न बराचसा मिटतो. पाण्याचा परिणाम नसेल तर सहाही जोड्यांत टाकीचं पाणी सरस ठरण्याची शक्यता ६४ त १. हे काकांना दाखवा.

माती एकदाच कालवून सगळ्या कुंड्यांत भरा. बी एकाच पुडीतलं, मोजून. आणि एका कुंडीतली वीस रोपं म्हणजे वीस प्रयोग नव्हेत. त्यांची माती एक, ऊन एक, त्यामुळे मोजायची ती कुंडी.

ही पद्धत शेतातूनच आलीये. १९२० च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडात रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात ती बसवली. आपल्याकडे पानसे आणि सुखात्मे यांनी १९५४ साली शेतीसंशोधकांसाठी तिच्यावर पुस्तक लिहिलं. सुखात्मे आपल्या फर्ग्युसनचे विद्यार्थी.

परसबाग:
उंची अजिबात नको. सावलीतलं रोप उजेडासाठी लांबतं, उंच दिसतं आणि असतं मात्र किडकिडीत. एकविसाव्या दिवशी कुंडीतली सगळी मेथी मातीलगत कापून वजन करा. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या खाली सांगत नाही, सराफाकडे असतो तसला हवा. किती उगवली तेही मोजा. तारीख आणि काय मोजणार ते वहीत आधीच लिहून ठेवा, नाहीतर शेवटी जे छान दिसतं तेच मोजलं जातं. मोठ्यांचंही होतं, आठवीतल्यांना कशाला बोलायचं!

सासूबाईंना पाणी घालायचं कामच द्या. बाबांनी बाटल्यांवर आणि कुंड्यांवर फक्त अ आणि ब लिहायचं, कुठलं पाणी कशात ते पाकिटात बंद. मापाने प्रत्येकी १०० मिली. लेकीलाही वजन होईपर्यंत पाकीट उघडू देऊ नका. आणि माया करायला एक वेगळी कुंडी आजींच्या नावाने, प्रयोगाबाहेरची.

मुठाकाठ:
सोसायटीत सॉफ्टनर आहे का? तो कॅल्शियम, मॅग्नेशियम काढतो आणि त्यांच्या जागी सोडियम देतो. बागेच्या मातीला सोडियम जास्त वाईट, आणि टीडीएस मीटर क्षार किती ते सांगतो, कुठला ते नाही.

दुसरं, क्षार मातीत हळूहळू साठतात. तीन आठवड्यांच्या मेथीत फरक दिसला नाही तर ‘मेथीला तीन आठवड्यांत फरक दिसला नाही’ एवढंच लिहा. कमिटी त्यावरून जास्वंदीचा निकाल लावेल, तो लावू देऊ नका. शक्य असेल तर कुंडीखालच्या ताटलीत झिरपलेल्या पाण्याचा टीडीएस सुरुवातीला आणि शेवटी मोजा. रोप गप्प असलं तरी ताटलीत क्षार वाढताना दिसतील.

गॅलरीतली मेथी:
सगळ्यांचे आभार. वॉचमनकाकांना विचारलं, सॉफ्टनर आहे. तो टाकीच्या आधी आहे, म्हणजे दोन्ही पाणी त्यातूनच आलेलं. मग बोअरचं थेट पाणी तिसरं म्हणून घेऊन जोड्यांच्या जागी तिकड्या लावाव्यात का? अठरा कुंड्या गॅलरीत मावतील, कपडे वाळत घालायला जागा उरणार नाही.

सासूबाई कामगिरीवर खूश आहेत, ‘अ’ म्हणजे कुठलं ते मात्र रोज विचारतात.

आणि हो, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा दोन दिवस कोणी उसना देईल का? बावधन, कोथरूड, वारजे कुठेही येऊन नेईन.