‘प्रेमळ, कष्टाळू, शिस्तप्रिय’ : सातवीच्या उत्तराला पाचपैकी किती?

खडूची_पूड
गंगापूर रोडच्या बाजूला एका शाळेत सातवीला मराठी शिकवते. यंदा अवांतर वाचनाला ‘श्यामची आई’ घेतलं. साने गुरुजींनी आपल्या नाशिकच्याच तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिलेलं पुस्तक. आमच्या वर्गाला वाचून संपवायला दिवाळीपासून संक्रांत उजाडली, ते असो. मग पाच गुणांचा प्रश्न घातला : श्यामच्या आईचा स्वभाव तुमच्या शब्दांत लिहा.

५२ पेपर. ‘तुमच्या शब्दांत’ म्हटलं तरी चाळीसेक पोरांचे शब्द तेच. प्रेमळ, कष्टाळू, शिस्तप्रिय. एका मुलीने मात्र हे लिहिलं : “श्याम पोहायला जायचं म्हणून लपून बसतो तेव्हा आई त्याला शिंपटीने मारते. कारण लोक श्यामला भित्रा म्हणतील. म्हणजे श्याम पाण्याला भीत होता आणि आई लोकांना भीत होती.”

तपासणी दुसऱ्या बाईंकडे होती. नमुना उत्तरात हे नाही, म्हणून पाचपैकी दोन. मी पाच दिले असते. माझं म्हणणं एवढंच, की विशेषणाला गुण देणं बंद करा. विशेषण पोरं गाईडमधून आणतात, ताईच्या जुन्या वहीतून आणतात. प्रसंग हातात धरून जो ‘म्हणजे’ लिहितो, त्याने पात्र वाचलंय. तुम्ही किती दिले असते?

सातपूरकर_मास्तर
बाई, असहमत. माझ्याकडे आठवीच्या दोन तुकड्या, ११० पेपर, हातात चार दिवस. सातवी-आठवीला आकारिकला (वर्गात वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाला) ४० आणि संकलितला (सत्र परीक्षेला) ६० गुण. त्या साठातला एकेक गुण पालक विचारायला येतात. नमुना उत्तर मुलांना छळायला नसतं, माझ्या लहरीपासून त्यांना वाचवायला असतं. सकाळी सातला तपासलेला पेपर आणि रात्री अकराला डोळे मिटत असताना तपासलेला पेपर, दोघांना सारखाच न्याय मिळायला हवा. ‘बाईंना वाक्य आवडलं’ हा काही निकष नाही. आणि ‘प्रेमळ’ लिहिणारा पोरगा खोटं बोललाय का? आई प्रेमळ नव्हती?

सावानाची_सभासद
वाक्य सुंदर आहे, पण पाच नाही देणार. मुलगी अर्ध्यावर थांबलीय. पोहून आल्यावर श्याम रुसतो, तेव्हा तीच आई त्याला दही देते. ते दही कुठे गेलं? शिवाय हे सगळं सांगतंय कोण? आश्रमात मित्रांना रात्री आठवणी सांगणारा मोठा श्याम. आई गेलेल्या मुलाने सांगितलेली आई आहे ती, त्यातला मार पण मायेने सांगितलेला. सांगणाऱ्याकडे पाहिलंच नाही तर पात्र निम्मंच हाती लागतं. सातवीकडून हे मागणं जास्त आहे असं म्हणाल, तर ‘हे आपल्याला कोण सांगतंय?’ एवढा साधा प्रश्न वर्गात टाकून बघा. माझे चार.

खडूची_पूड
दह्याचं मान्य, माझ्याही लक्षात आलं नव्हतं. पण बघा ना, तुम्ही त्या मुलीशी भांडताय आणि तेही पुस्तकातला प्रसंग काढून. ‘प्रेमळ’ लिहिणाऱ्याशी कशावरून भांडणार? मास्तर, आई प्रेमळ होतीच. पण ते पुस्तक न उघडताही लिहिता येतं. अर्ध्या वर्गाने सिनेमावर भागवलंय, तरी ‘प्रेमळ’ला पूर्ण गुण.

सातपूरकर_मास्तर
तुम्ही पाच, त्या चार, तुमच्या सहकारी दोन. मी तीन दिले असते. झालं ना माझं म्हणणं सिद्ध?

खडूची_पूड
सिद्ध झालं ते एवढंच, की आपण आधी बोललो नव्हतो. शनिवारी मी आणि तपासणीच्या त्या बाईंनी तेच दहा पेपर वेगवेगळे बसून तपासले. प्रसंगाला दोन, त्यातून काय कळतं याला दोन, त्याच पात्राची दुसरी बाजू दाखवली तर एक, नुसत्या विशेषणाला शून्य. सात पेपरांत दोघींचे गुण जुळले. उरलेल्या तिनांवर चहा होईपर्यंत वाद घातला. ११० पेपरांना हे जमणार नाही, पण पहिल्या दहांना जमेल की.

एक_पालक_कॉलेज_रोड
तुमच्या त्या ‘दुसऱ्या बाजू’बद्दल. हा तक्ता क्लासवाल्यांच्या हाती पडू द्या, आठवड्यात नोट्स निघतील : “शेवटचे वाक्य ‘मात्र’ने सुरू करा.” आमचे चिरंजीव आत्ताच विचारतात, “बाबा, मात्र कुठे घालू?” हसू नका, खरंच विचारतो.

सावानाची_सभासद
म्हणून वर्गात न शिकवलेला उतारा द्यायचा. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ कादंबरीतला चोऱ्या करणारा आनंदा रामोशी घ्या, दोन पानं छापून द्या आणि विचारा, हा माणूस गोष्ट सांगणाऱ्या मास्तरांना का आवडत असेल? तिथे पाठ केलेलं ‘मात्र’ घालून बघावं कुणी.

गोदाकाठचा_कावळा
मुळात गुण कशाला? पंचवटीत आजोळी माळ्यावर लोळून वाचलेल्या एकाही कादंबरीवर मला कुणी प्रश्न घातला नव्हता. म्हणून ती माणसं अजून आठवतात. तुम्ही पुस्तकाचा पेपर केलात की पोरगं ते पुस्तक आयुष्यात परत उघडत नाही.

सातपूरकर_मास्तर
कावळेबुवा, तुमच्या आजोळी माळ्यावर पुस्तकं होती. माझ्या वर्गातल्या निम्म्या घरांत पाठ्यपुस्तक सोडून छापील कागद म्हणजे कॅलेंडर. पेपरात आहे म्हणून तरी ते पुस्तक घरी गेलं.

घाटावरची_शाळा
सुरगाण्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. तुमचे पाच, चार, दोन सगळे कागदावरचे. माझी बरीच मुलं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात. हाच प्रसंग वाचून दाखवला तर एक मुलगा म्हणाला, आईने मारलं तेव्हा श्यामपेक्षा तिलाच जास्त लागलं असणार, नाहीतर दही कशाला देईल? त्यालाच लिहायला दिलं, तर दीड ओळ आणि चार चुका. लेखी बघितलं तर त्याला एक गुण, पात्र मात्र त्याला तुमच्या चाळीस जणांपेक्षा जास्त कळलंय. आकारिकमध्ये तोंडी काम आहेच, मग हे तिथे घ्या. पाच मिनिटांत एका मुलाचं होतं. माझा पट अठराचा, तेव्हा मला जमतं, हेही सांगते.

सातपूरकर_मास्तर
अठरा! ताई, बदली करून घेऊ का तिकडे?

खडूची_पूड
आज मधल्या सुट्टीत त्या मुलीला बाजूला घेऊन विचारलं, “अगं, दही विसरलीस?” म्हणाली, “नाही बाई, लक्षात होतं. पण पेपरात पाचच ओळी आखल्या होत्या.”

सातपूरकर_मास्तर
बरं, चार. त्याच्या वर जाणार नाही.