मदत हवी आहे: उंबरातल्या केंबरांचे नर-मादी प्रमाण

अक्षरशः उंबर फोडून केंबरं (फळात वाढणारे इवलेसे किडे) मोजतेय, आणि अडकलेय. जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टनने 1967 मध्ये मांडलं की माद्यांसाठी सख्खे भाऊच झुंजणार असतील तर आईने मोजकेच नर जन्माला घातले तरी पुरतं. म्हणजे अंडी घालायला फळात शिरलेल्या माद्या वाढल्या की झुंज सख्ख्या भावांपुरती राहत नाही, आणि नरांचं प्रमाणही वाढायला हवं.

बाहेर पडणारी केंबरं पकडायला पिकण्याआधी फळांना जाळीची पिशवी बांधली. बिनपंखी नर आतच राहतात, म्हणून फळं चिरूनही पाहिली. बाहेरून नळी खुपसून अंडी घालणाऱ्या जाती (डोकेदुखीच!) वेगळ्या काढल्या. सूक्ष्मदर्शक साधा, 40 पटीचा.

पण पिकलेल्या फळात अंडी घालणाऱ्या मूळ माद्यांचे अवशेष ओळखूच येत नाहीत, त्यामुळे त्या किती होत्या ते कळत नाही. शिरताना त्यांचे पंख तुटतात. मग फळाच्या तोंडाशी अडकलेले पंख मोजून भागेल, की कोवळ्या फळांवर मीच ठरावीक माद्या सोडायच्या?