घरच्या क्लासनं पोरांच्या माना धरल्या: दोष बैठकीचा की वेळापत्रकाचा?

विश्रामबागची आई (सांगली):
मुलगी बारावीला, नीटचा क्लास घरूनच. सकाळी ८ ला पहिलं लेक्चर सुरू, १ ला शेवटचं संपतं. मधे सुट्टी म्हणाल तर एक सर जाऊन दुसरे येईपर्यंत. चार्जरची वायर आखूड, म्हणून प्लगजवळ दिवाणाच्या कोपऱ्यात बसते. मोबाईल स्टीलच्या डब्याला टेकवलेला, वही मांडीवर. परवा स्वयंपाकघरातून हाक मारली तर मान न वळवता तिनं अख्खं अंग वळवून बघितलं. पोटात धस्स झालं माझ्या. अंगठ्याच्या मुळाशीही ठणकतं म्हणते. १७ वर्षांची पोर आहे हो! हे दुखणं वेळापत्रकातून आलंय आणि क्लासवाल्यांनीच ते बदललं पाहिजे, असं माझं मत.

मिरजकर बाबा:
ताई, राग मानू नका, पण तुमच्या घरातली बैठक सुधारायला क्लासवाले येणार नाहीत. आम्ही मुलाला जुनं टेबल दिलं, लॅपटॉपखाली पुस्तकांची चळत, वेगळा कीबोर्ड, पायाखाली पाट. महिन्याभरात कुरकुर बरीच कमी झाली. आणि रात्री १२ पर्यंत त्याच मोबाईलवर रील्स चालतात, ते कुणाच्या वेळापत्रकात येतं?

जतचा विद्यार्थी:
काका, टेबल ठेवायला जागा पायजे की. दोन खोल्यांत आम्ही पाच जण. भिंतीला टेकून बसतो, पाठ भरून येती. पण क्लासचे तास कमी करा असं कुणी म्हणू नका. सांगलीत खोली आणि मेस परवडत नाही म्हणून तर ऑनलाइन घेतलंय.

निवृत्त पीटी शिक्षक, तासगाव:
आम्ही शेणानं सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून शिकलो, कुणाची मान धरली नाही. पोरांच्या अंगात ताकदच राहिली नाही. पहाटे १२ सूर्यनमस्कार आणि संध्याकाळी तासभर मैदान, एवढं करून बघा. क्लासला बोल लावून काय उपयोग?

विश्रामबागची आई:
सर, तुम्ही जमिनीवर बसलात, पण दर तासाला घंटा होत होती. पाणी प्यायला हौदावर पळत होता, मधल्या सुट्टीत आट्यापाट्या होत्या, शाळेला जायला-यायला चालणं होतं. घरच्या क्लासनं नेमकं तेच काढून घेतलं. २०२० च्या जुलैत केंद्रानं ऑनलाइन शिक्षणासाठी ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिका काढली. त्यात नववी ते बारावीला दिवसात ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त चार सत्रं सांगितली होती. ती शाळांसाठी होती, मान्य. पण मुलाचा मणका शाळेत एक आणि क्लासमध्ये दुसरा असतो का?

फिजिओथेरपिस्ट, मिरज:
सरांचं मैदान हवंच. ५ ते १७ वयात रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पण संध्याकाळच्या तासानं सकाळची पाच तासांची बैठक धुऊन निघत नाही. डोकं साधारण ५ किलोचं. मान जितकी पुढं झुकते तितके मानेमागचे स्नायू ते तोलून धरायला राबतात, आणि एकाच अवस्थेत राबलेला स्नायू दुखतोच. मिरजकरांचं टेबल चांगलं, तरी त्यावरही तासन्‌तास न हलता बसलं तर कंबर बोलणारच. दर अर्ध्या तासानं उठायचं, दोन मिनिटं खांदे फिरवायचे, पाणी आणायला स्वतः जायचं. मोबाईल डोळ्यांच्या पातळीला आणायचा, टाइप करताना दोन्ही हात वापरायचे. हाताला मुंग्या येणं, सांधा सुजणं, सकाळी बराच वेळ आखडलेलं राहणं, दुखण्यानं झोपमोड होणं, यातलं काही असेल तर मात्र घरी बाम चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

मिरजकर बाबा:
उठायचं हे पटलं. पण लेक्चर चालू असताना उठला तर कॅमेऱ्यात गैरहजर धरतात. आमच्याकडं तसा फोनच आला होता.

विश्रामबागची आई:
तेच म्हणतेय मी, दादा! उद्या क्लासला लेखी देणार आहे: दर लेक्चरनंतर १० मिनिटं, आणि उठलेल्या मुलाला गैरहजर धरायचं नाही. आणखी पालकांच्या सह्या मिळाल्या तर बरं होईल.

मिरजकर बाबा:
माझी सही धरा. रील्सबद्दलचं मत मात्र मागं घेत नाही.

जतचा विद्यार्थी:
काकू, त्यात एक ओळ आमची पण घाला. उजळणीची लेक्चरं नुसत्या आवाजात पण द्या म्हणावं. बांधावरनं चालत ऐकता येतील.