मदत हवी आहे: लागलेली सीट घ्यावी की सोडावी? उद्या शेवटचा दिवस

बार्शीचा मामा:
भाचीला ९१ आहेत. इंजिनिअरिंगला पुण्यात ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) लागलंय, तिला कॉम्प्युटरच पाहिजे. ही सोडून पुढच्या फेरीची वाट बघावी का? उद्या पाचच्या आत ठरवायचंय आणि घरात दोन तट पडलेत. लगेच सांगा.

चौकस:
९१ बारावीचे टक्के की सीईटीचे (प्रवेश परीक्षेचे) पर्सेंटाइल? फेरी कितवी? कॅटेगरी कोणती? भरलेल्या यादीत हे कॉलेज कितव्या नंबरवर होतं?

पॉलिटेक्निकवाला:
दहावीनंतर डिप्लोमाला टाकायचं होतं. तीन वर्षं झाली की डिप्लोमाच्या मार्कांवर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, सीईटीची कटकटच नाही. माझा मुलगा असाच गेला.

चौकस:
पोरगी बारावी झालीय हो, आता दहावीत परत बसवायची का?

पॉलिटेक्निकवाला:
धागा इतरही लोक वाचतात.

बार्शीचा मामा:
पर्सेंटाइल. ९१.३. फेरी दुसरी. कॅटेगरीचा इथे काय संबंध? यादी नेट कॅफेवाल्याने भरली, नंबर आठवत नाही. मी सोपा प्रश्न विचारलाय, घ्यावी की सोडावी?

हिंजवडीकर:
घ्या डोळे झाकून. माझ्या टीममधले निम्मे ई अँड टीसीचेच आहेत, इंटरव्ह्यूला ब्रँच कोणी विचारत नाही.

मेकॅनिकल२००३:
म्हणजे ई अँड टीसी शिकून पुन्हा कोडिंगच करायचं! सगळ्यांनी तुमच्या आयटीतच मरायचं का? आम्ही कारखान्यात उभे राहून पोट भरतोच की.

हिंजवडीकर:
भरा हो. पोरीला कॉम्प्युटर पाहिजे, लेथ नकोय.

चौकस:
भांडण वेगळ्या धाग्यावर न्या. मामा, लॉगिन करून अलॉटमेंट लेटर उघडा. त्यावर पसंतीक्रमांक छापलेला असतो. सगळं त्यावर अवलंबून आहे.

बार्शीचा मामा:
बघितलं. ३ लिहिलंय. तीनशे पर्याय भरायला मिळतात म्हणे, त्यातला तिसरा म्हणजे चांगलाच की.

चौकस:
चांगला आहे, पण मग तुमचा प्रश्नच संपला. २०२५-२६ पासून कॅपच्या (सरकारच्या केंद्रीय प्रवेशाच्या) चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली की सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे तीच पक्की. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलीही लागली तरी फ्रीझ, तिसऱ्यात पहिल्या सहापैकी. म्हणजे बेटरमेंटचं, ही सीट धरून पुढच्या फेरीत वरची मागायचं, बटण तुम्हाला दिसणारच नाही. सीट घेतली नाही तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर. कॅफेवाल्याने तिसऱ्या नंबरवर ई अँड टीसी टाकलं तिथेच निकाल लागला.

बार्शीचा मामा:
हे आधी कोणी का सांगितलं नाही?

चौकस:
आधी कोणी विचारलं?

प्रवेश_मार्गदर्शन:
कॉम्प्युटर हवंच असेल तर संस्था कोट्यातून (कॉलेज स्वतः भरतं त्या जागांतून) करून देतो. व्यनि (खाजगी निरोप) करा.

निवृत्त_लिपिक:
व्यनि अजिबात करू नका. मामा, कॅटेगरीचा संबंध इथेच येतो. ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमधली मुलगी असेल आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर २०२४-२५ पासून सरकार तिची पूर्ण शिक्षण फी आणि परीक्षा फी भरतं. पण प्रवेश कॅपमधूनच हवा. संस्था कोट्यात गेलात की ही सवलत गेली, वर फी खिशातून.

बार्शीचा मामा:
ओबीसी आहे. दाजी एसटीत ड्रायव्हर आहेत, उत्पन्न आठच्या बरंच आत. फी माफ होते हे आम्हाला खरंच माहीत नव्हतं. दाजींनी सोसायटीचं कर्ज काढायचा अर्जसुद्धा आणलाय.

निवृत्त_लिपिक:
अर्ज ठेवून द्या. आता खरं विचारतो. नॉन-क्रीमीलेअर (उत्पन्न मर्यादेत असल्याचा ओबीसीचा दाखला) हातात आहे की नुसती अर्जाची पावती? आणि जात पडताळणी?

बार्शीचा मामा:
पडताळणी अकरावीतच झाली. नॉन-क्रीमीलेअरची पावती लावलीय, जुनं मार्चमध्ये संपलं.

निवृत्त_लिपिक:
मग ब्रँच सोडा, आधी ते बघा. पावतीवर फॉर्म घेतात, पण ठरलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र दिलं नाही तर उमेदवार खुल्या वर्गात जातो. ओबीसीची सीट ओपनच्या मेरिटवर टिकेल का, तुम्हीच सांगा. येत्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलंच लागतं. वेळापत्रकातली तारीख बघा आणि सकाळी तहसीलला जाऊन बसा.

बार्शीचा मामा:
सेतूवाला म्हणतो साहेबांची सही राहिलीय, सोमवारी या.

निवृत्त_लिपिक:
सोमवार कशाला? अलॉटमेंट लेटरची प्रत घेऊन थेट सहीच्या साहेबांसमोर उभे राहा. पोरीला सोबत न्या, एकट्या मामाला उद्या या म्हणतात.

हिंजवडीकर:
आणि तिला सांगा, ई अँड टीसी करतानाच १८ ते २० क्रेडिट (अभ्यासाचे गुणांक) जादा करून कॉम्प्युटरमध्ये मायनर, म्हणजे जोडविषय, घेता येतं. कॉलेज देतं का ते प्रवेशाच्या वेळी विचारा.

मेकॅनिकल२००३:
शेवटी कॉम्प्युटरच!

बार्शीचा मामा:
सीट स्वीकारली. ताई आणि भाची तहसीलच्या व्हरांड्यात बसल्यात, पुढे अकरा जण आहेत. पोरगी अजून माझ्याशी बोलत नाही.

नवा_सभासद४१:
लॅपटॉप आत्ताच घ्यावा की दुसऱ्या वर्षी? माझ्या मुलाला सिव्हिल लागलंय.