रेडमाइन की गिटहब: आधी कोडचं बघा

कोड लिहिणाऱ्या पाच जणांच्या टीमला रेडमाइन बरं की गिटहब (कोड ऑनलाइन ठेवायची सेवा), असं तुम्ही विचारलंय आणि वर एकांनी 'इश्यू (म्हणजे कामांच्या, चुकांच्या नोंदी) दोन्हींत टाकता येतात, कुठलंही घ्या' असं सांगितलंय. मला हे अजिबात पटत नाही.

रेडमाइन मुळात कामाची नोंदवही आहे: कुठलं काम कुणाकडे, किती तास गेले, गँट चार्टवर (कामांच्या वेळापत्रकाच्या तक्त्यावर) काय रखडलंय. गिटची (कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रणालीची) रेपॉझिटरी, म्हणजे कोडचा साठा, त्यात दिसते, पण तिची प्रत त्याच सर्व्हरच्या डिस्कवर आणून ठेवावी लागते. आणि गिटहबसारखी पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मुख्य कोडात घेण्याआधी सहकाऱ्यांना तपासायला देण्याची सोय, त्यात नाही.

माझ्या मते तीच खरी गरज. आमच्याकडे एका नव्या मुलीने तारखेचा फॉरमॅट बदलला. पुल रिक्वेस्टमध्ये नेमक्या त्या ओळीखाली सहकाऱ्याने विचारलं, 'जुन्या पावत्यांचं काय?' चूक तिथेच सापडली, ग्राहकापर्यंत गेली नाही. वर्णनात 'फिक्सेस' आणि इश्यूचा नंबर लिहिला, की बदल मुख्य ब्रँचमध्ये (कोडच्या मूळ शाखेत) मर्ज होताच, म्हणजे मिसळताच, तो इश्यू आपोआप बंद होतो. खासगी रेपॉझिटरीही २०२० पासून फुकट आहे, माणसं कितीही असोत.

तेव्हा गिटहबनेच सुरुवात करा. क्लायंटला तासांचा हिशोब द्यायचा असेल तर मात्र गिटहब एकटं पुरणार नाही. गिटहबसारख्याच गिटलॅब या सेवेत ती सोय आहे, तेही बघा.

आणि हो, गिट क्लोन केलं (रेपॉझिटरीची प्रत उतरवून घेतली) की कोड आणि त्याचा इतिहास येतो, इश्यूंवरची चर्चा येत नाही. तिचा बॅकअप एपीआयमधून (प्रोग्रामने माहिती मागवायच्या सोयीतून) वेगळा घ्या, पहिल्या महिन्यापासूनच.